धडा ३८ : इलेक्ट्रिक पॅनलचं तात्पुरतं झाकण. कशाचं, कुणी लावायचं आणि किती दिवस?



व्हिडिओमध्ये आपण पॅनल समोर ठेवून एकेक भाग बघितला. इथे तोच धडा सविस्तर लिहून देतोय. ज्यांना वर्कशॉपमध्ये प्रिंट काढून लावायचा आहे त्यांनी खुशाल लावा. पण आधी एक प्रसंग सांगतो. तो सांगितल्याशिवाय हा धडा मला शिकवता येत नाही, कारण त्यात थोडी चूक माझीही आहे.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं मिरची कांडप आणि मसाल्याचं युनिट आहे. भाड्याचा गाळा, थ्री फेज कनेक्शन, तीन मशीन आणि चार बायका कामाला. जुलैमध्ये त्यांनी नवीन पल्व्हरायझर घेतला. त्याची केबल ओढण्यासाठी वायरमनने डिस्ट्रिब्यूशन बोर्डाची, म्हणजे आपल्या बोलीत डीबीची, पुढची प्लेट काढली. केबल जोडली, मशीन चालू झालं. प्लेट मात्र परत बसेना, कारण नवीन एमसीबीसाठी तिला खाच पाडायला हवी होती. "ताई, प्लेट कापून आणतो, दोन दिवसांत लावतो," असं सांगून वायरमनदादा गेले. उघडं बरं दिसत नाही म्हणून ताईंनी त्यावर बँकेचं कॅलेंडर टांगलं.

ऑगस्टमध्ये मी तिथे शूटिंगला गेलो. विषय होता मशीन खरेदीचा. बॅकग्राउंडला कॅलेंडर वाकडं दिसत होतं, म्हणून मीच उठून ते सरळ केलं. मागे काय आहे, हे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

नवरात्राच्या आधी युनिटची साफसफाई काढली. ताई शिस्तीच्या. "मेन बंद केल्याशिवाय मशीनला आणि भिंतीला ओला फडका लावायचा नाही," हा त्यांचा नियम. मावशींनी तो पाळला. मेन स्विच स्वतः खाली केला, कॅलेंडर उचललं आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. डावा हात डीबीच्या पत्र्यावर होता, उजव्या हातातला फडका वरच्या बाजूच्या टर्मिनलला लागला. त्या मागे मिरचीच्या पोत्यांवर फेकल्या गेल्या. हात सुटला म्हणून वाचल्या. दोन बोटं भाजली, दोन दिवस दवाखान्यात देखरेखीखाली राहावं लागलं.

ताईंचा मला फोन आला, तेव्हा त्या रडत एकच विचारत होत्या. "सर, मेन बंद होता. आरसीसीबी पण बसवलेला होता. मग शॉक लागलाच कसा?"

आजचा धडा या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

१. मेन बंद म्हणजे पॅनल बंद, असं नसतं

तुमच्या मीटरपासून येणारी केबल पॅनलमध्ये मेन स्विचच्या एका बाजूला जोडलेली असते. तिला इनकमिंग बाजू म्हणतात. मेन स्विच खाली केला की त्याच्या पुढचा भाग मरतो. पुढचा भाग म्हणजे बसबार, एमसीबी, मशीनच्या केबल. पण इनकमिंग टर्मिनलवर वीज तशीच उभी असते. ती बंद करायची तर मागे, मीटरजवळच्या स्विचपासून बंद करावी लागते. घराचं दार आतून लावलं तरी अंगणात माणूस उभा असू शकतो, तसं हे आहे.

आता आरसीसीबी. याला लोक जुन्या सवयीने ईएलसीबीसुद्धा म्हणतात. हा जीव वाचवणारा भाग आहे, तो बसवलाच पाहिजे. माणसांच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात. पण त्याच्या दोन मर्यादा समजून घ्या.

पहिली, तो स्वतःच्या पुढच्या भागाचीच राखण करतो. त्याच्या आधीच्या इनकमिंग टर्मिनलला कुणी हात लावला, तर त्याला ते कळतच नाही. मावशींचं नेमकं तेच झालं.

दुसरी, करंट शरीरातून जमिनीत किंवा अर्थिंगमध्ये गळतो तेव्हाच तो ट्रिप होतो. दोन बोटं दोन वेगळ्या फेजला लागली, किंवा एक फेजला आणि एक न्यूट्रलला, तर करंट गळत नाही, शरीरातून फिरून परत येतो. आरसीसीबीच्या दृष्टीने ते एक साधं मशीन चालू झाल्यासारखंच असतं.

आणि एमसीबी? तो वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत गप्प बसतो. माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही करंट लागत नाही. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. तेवढा करंट छातीतून काही क्षण गेला, तरी हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकतं. एका बल्बाएवढा! म्हणून "एमसीबी आहे ना, पडेल तो" हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

मग मावशींना कोण वाचवू शकलं असतं? पुढची प्लेट. बोट आत जाऊच दिलं नाही, तर बाकी कशाची परीक्षाच होत नाही. स्विच बंद करायला कुणाला तरी आठवावं लागतं. प्लेटला कुणाच्या आठवणीची गरज नसते. म्हणून ती निघाली की तिच्या जागी त्याच दिवशी दुसरं काहीतरी भक्कम लागलं पाहिजे. त्यालाच आपण तात्पुरतं संरक्षक झाकण म्हणतोय.

२. तात्पुरतं झाकण कधी लागतं?

छोट्या धंद्यात साधारण तीन प्रसंग येतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सगळ्यांना एकच औषध देऊ नका.

प्रसंग पहिला : पॅनल बसवलंय, पण वीज अजून आलेली नाही. नवीन गाळ्याचं फर्निचर, पीओपी, रंगकाम चालू आहे. इथे धोका शॉकचा नाही, घाणीचा आहे. प्लास्टरचा चुरा, रंगाचे शिंतोडे, लाकडाचा भुसा एमसीबीत गेला की तो नंतर अडकतो, किंवा जोड गरम होतात. इथे प्लास्टिकची फिल्म गुंडाळली तरी चालते. फक्त वीज सोडण्याआधी ती पूर्ण काढा आणि आतली धूळ वायरमनकडून साफ करून घ्या.

प्रसंग दुसरा : पॅनल चालू आहे, त्याची प्लेटही जागेवर आहे, पण शेजारी काम चाललंय. टाइल कापताहेत, ग्राइंडिंग चाललंय, पावसात पत्रा गळतोय. इथे पॅनलला बाहेरून आडोसा द्यायचा आहे. गुंडाळायचं नाही! चालू पॅनल गरम होतं, त्याला हवा लागते. फिल्ममध्ये बांधून ठेवलं तर उष्णता कोंडते आणि पावसाळ्यात आतून पाणीही धरतं. ग्राइंडिंगची धूळ तर लोखंडाची असते, म्हणजे वीजवाहक. शक्यतो ते काम पॅनलपासून लांब न्या. नाहीच जमलं तर न पेटणाऱ्या कापडाचा पडदा मध्ये उभा करा. गळतीसाठी पॅनलच्या वर उताराचं छप्पर करा, पाणी बाजूला पडेल असं. पण पाणी पॅनलपर्यंत पोहोचलंच असेल, तर झाकत बसू नका. सप्लाय मागून बंद करा.

प्रसंग तिसरा : पॅनल चालू ठेवायचंय आणि त्याची स्वतःची प्लेट निघाली आहे, तुटली आहे किंवा हरवली आहे. ताईंचा प्रसंग हाच. यात सगळ्यात जास्त धोका आहे, आणि यातच आपण सगळ्यात जास्त जुगाड करतो. पुढचं सगळं मुख्यतः याबद्दल.

याच प्रसंगाचं एक लहान भावंड आहे. डीबीतला एक एमसीबी काढला आणि तिथली खाच उघडी राहिली. एक बोट जाईल एवढीच जागा. त्यासाठी ब्लँकिंग प्लेट नावाची छोटी प्लास्टिकची पट्टी मिळते, नुसती दाबून बसते. केबलसाठी फोडलेली पण न वापरलेली भोकंही अशीच उघडी असतात. तिथून पाल, उंदीर आत जातात आणि एक दिवस आतच शॉर्ट होतं. त्यासाठी डमी प्लग मिळतो.

३. कशाचं झाकण चालतं, कशाचं नाही

आधी नापासांची यादी. हे सगळं मी वेगवेगळ्या युनिटमध्ये डोळ्यांनी बघितलंय.

• कॅलेंडर, फ्लेक्स, पुठ्ठा : हे झाकण नाही, पडदा आहे. उघड्या पॅनलपेक्षा वाईट, कारण उघडं पॅनल निदान दिसतं तरी. वर ते पेटतं.
• गोणपाट : ओलं होतं, पेटतं, आणि त्याचे धागे टर्मिनलमध्ये जातात.
• प्लायवुडचा तुकडा : कोरडा असेपर्यंत बरा, दमट झाला की भरवसा नाही. तोही पेटतो.
• सुटा पत्रा : दिसायला सगळ्यात मजबूत. पण घसरून बसबारवर पडला तर शॉर्ट होऊन मोठा भडका उडू शकतो. पत्र्याचं झाकण कंपनीने पॅनलसोबत दिलेलं, नीट बसणारं आणि अर्थिंग केलेलं असेल तरच.
• नुसती चिकटपट्टी : गरम पॅनलवर दोन दिवसांत सुटते.

आता पास होणारे.

पॉलिकार्बोनेट शीट : माझी पहिली पसंती. पारदर्शक, त्यामुळे मागे काय आहे ते दिसतं. वीज वाहत नाही, सहज फुटत नाही, सहज पेटही घेत नाही. ३ मिलिमीटर जाडीची छान उभी राहते. दुकानात ॲक्रेलिकही तसंच दिसतं आणि स्वस्त मिळतं, पण ते तडकतं आणि चांगलं पेटतं. विकत घेताना नाव विचारून घ्या.

हायलम शीट : जुने वायरमन हीच मागतात. इन्सुलेशन उत्तम, फक्त आरपार दिसत नाही. म्हणून तिच्यावर पाटी लावणं आणखी गरजेचं.

कंपनीची प्लेट किंवा तयार कव्हर : डीबीच्या मापाची मिळत असेल तर सगळ्यात उत्तम. मग तात्पुरतं लावायची वेळच येत नाही.

झाकण किती घट्ट असावं याचं एक साधं माप आहे. पॅनलवर तुम्ही आयपी ५४, आयपी ६५ असे आकडे बघितले असतील. त्यातला पहिला आकडा सांगतो की बाहेरची वस्तू किती आत जाऊ शकते, दुसरा सांगतो की पाणी किती अडतं. पहिला आकडा २ असेल, तर १२.५ मिलिमीटरची वस्तू आत जात नाही आणि माणसाचं बोट चालू भागापर्यंत पोहोचत नाही. तुमच्या तात्पुरत्या झाकणाने निदान ही परीक्षा पास झालीच पाहिजे. कडेला, कोपऱ्यात, केबलच्या बाजूला, कुठेही बोट शिरेल अशी फट नको. ही तपासणी सप्लाय बंद असतानाच करायची. आणि जिथे लहान मुलं येतात, तिथे फट जवळपास नकोच. लेकराचं बोट आपल्यापेक्षा बारीक असतं, आणि त्याच्या हातात खिळा, तार काहीही असतं.

४. लावायची पद्धत

सर्वात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे काम तुम्ही स्वतः करायचं नाही. परवानाधारक वायरमनकडून करून घ्यायचं. पण पद्धत तुम्हाला माहीत असली पाहिजे, म्हणजे समोर उभं राहून बघता येतं.

१. शीट पॅनलपासून लांब कापा, भोकं लांब पाडा. चालू पॅनलवर शीट धरून ड्रिल मारायचं नाही. कीस आत पडतो, आणि ड्रिल पलीकडे गेलं की केबलच फाडतं.

२. सप्लाय मागून, म्हणजे मीटरजवळच्या स्विचपासून बंद करा. त्या स्विचला कुलूप लावा आणि "काम चालू आहे, स्विच टाकू नये" अशी पाटी लावा. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. "मी इथेच उभा आहे, कुणी चालू करणार नाही" हे चालणार नाही. मीटरच्या सीलला कुणीही हात लावायचा नाही. तिथपर्यंत जायची वेळ आली, तर वीज कंपनीलाच बोलवायचं.

३. वीज खरंच गेली का ते तपासा. खिशातल्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरवर जीव टांगू नका. मीटर किंवा टेस्ट लॅम्प आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून बघायचा, मग पॅनलमध्ये, मग पुन्हा चालू ठिकाणी. मधेच उपकरण बिघडलेलं नाही ना, हे त्यामुळे कळतं. इनकमरचे तिन्ही फेज तपासायचे. जनरेटर, इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर तोही बंद, कारण वीज दुसऱ्या बाजूनेही येते.

४. झाकण पॅनलच्या मूळ भोकांवरच, मूळ स्क्रूने बसवा. लांब, टोकदार स्क्रू वापरला तर तो आतल्या केबलमध्ये घुसतो. झाकण हाताने उचकटता येऊ नये, काढायला पेचकस लागलाच पाहिजे. हुकाला टांगलेलं झाकण कुणीही उचलतं. मावशींनी कॅलेंडर उचललं, तसंच.

५. मेन स्विचचा दांडा बाहेरून हाताळता आला पाहिजे. आग लागली तर आधी झाकण काढा, मग मेन शोधा, अशी वेळ येता कामा नये. दांड्यापुरती खाच पाडा, पण तिथूनही बोट आत जाणार नाही इतकीच.

६. सप्लाय सोडल्यावर अर्धा तास थांबा. जळका वास, आवाज, झाकण गरम होणं, काही आहे का बघा. त्यातलं काहीही जाणवलं तर पुन्हा बंद.

५. पाटी : झाकणाइतकीच महत्त्वाची

आपल्याकडे "तात्पुरतं" या शब्दाला शेवटची तारीख नसते. तात्पुरता खांब दहा वर्षं उभा असतो. ताईंच्या डीबीचे दोन दिवस नवरात्रापर्यंत चालले. म्हणून प्रत्येक तात्पुरत्या झाकणावर ही पाटी लावा. जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वरून प्लास्टिक लावलं तरी पुरे.

*धोका! झाकणामागे करंट चालू आहे.*
*मेन बंद असला तरी हात लावू नका.*
*झाकण लावल्याची तारीख : ……*
*लावणाऱ्याचं नाव आणि फोन : ……*
*कायमचं झाकण लावायची शेवटची तारीख : ……*
*पूर्ण सप्लाय बंद करायची जागा : ……*

शेवटची तारीख किती दिवसांनंतरची? माझा नियम सात दिवसांचा. हा कायद्यातला आकडा नाही, माझ्या अनुभवातला आहे. आठवडी सुट्टी एकदाच मध्ये येते, आणि प्लेट कापून आणायला तेवढे दिवस भरपूर झाले. आठव्या दिवशी कायमची प्लेट नसेल, तर ते पॅनल बंद आणि त्यावरची मशीनही बंद. मशीन बंद राहिलं की वायरमनला फोन करायची आठवण आपोआप होते, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमच्याकडे येणारे कामगार कोणती भाषा वाचतात ते बघा. मराठीसोबत हिंदी लिहा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना पाटीसमोर उभं करून एकदा तोंडी सांगा.

६. कायदा काय सांगतो?

"सर, माझ्याकडे चारच माणसं आहेत, मला कुठला कायदा लागतो?" हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो. उत्तर नीट वाचा.

कामगारांची संख्या बघणारे कायदे वेगळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये, वीज वापरून उत्पादन करणाऱ्या ठिकाणी २० किंवा जास्त कामगार असतील तर तो कारखाना धरला जातो. तुम्ही त्यात बसत नसाल.

पण विजेच्या सुरक्षिततेचे नियम माणसं मोजत नाहीत. वीज कायदा, २००३ आणि त्याखालचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम, २०२३ हे वीज घेणाऱ्या ग्राहकालाही लागू आहेत. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

• वायरिंगचं काम, त्यातली भर, बदल, दुरुस्ती ही शासनाचा परवाना असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून आणि परमिटधारक माणसाकडूनच करायची. बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडून.
• मेन स्विचबोर्डच्या समोर निदान १ मीटर मोकळी जागा हवी. पोती, खोकी, सायकल काहीही नको.
• २५० व्होल्टच्या वर, म्हणजे तुमच्या ४१५ व्होल्टच्या थ्री फेज पॅनलवर, कवटी आणि हाडांचं चिन्ह असलेली धोक्याची पाटी हवी. ती हिंदी किंवा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत.
• अपघात झाला तर विद्युत निरीक्षकांना कळवावं लागतं. लेखी अहवाल ४८ तासांत द्यायचा असतो. "बोभाटा नको" म्हणून लपवलं, तर ती दुसरी चूक होते.

कामावर असताना माणसाला इजा झाली की नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते. तिथे "वायरमन येतो म्हणाला होता" हे उत्तर चालत नाही. झाकण कुणी काढलं हा एक प्रश्न. ते उघडं असताना धंदा कुणी चालू ठेवला हा दुसरा, आणि त्याचं उत्तर आपणच असतो.

भाड्याचा गाळा असेल तर पॅनल मालकाचं, पण माणसं तुमची. करारात एक ओळ घाला : पॅनल, अर्थिंग आणि आरसीसीबी सुस्थितीत देण्याची जबाबदारी जागामालकाची, त्यानंतर केलेल्या बदलांची जबाबदारी भाडेकरूची. चावी घेताना पॅनलचे फोटो तारखेसह काढून दोघांनी व्हॉट्सॲपवर ठेवा.

७. पैशाचं आणि कॉन्ट्रॅक्टरचं गणित

प्लेट राहिली कशामुळे? वायरमन वाईट होता म्हणून नाही. ताईंनी मशीन चालू झाल्याबरोबर त्याचं सगळं बिल दिलं होतं. त्याच्या दृष्टीने काम संपलं, पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन वाजत होता. ही धंद्यातली चूक आहे आणि ती धंद्याच्या पद्धतीनेच सुधारते.

कोटेशन मागतानाच ही ओळ घालायला सांगा : "पॅनल रोज काम संपल्यावर झाकून देणे, कायमची प्लेट, ब्लँकिंग प्लेट आणि पाटीसह काम पूर्ण करणे." वेगळी ओळ असली की तिचा वेगळा दर येतो, आणि दर आला की ते काम होतं.

बिलाचा शेवटचा हप्ता प्लेट लागल्यावर द्या. समजा काम १२,००० रुपयांचं आहे. १०,००० मशीन चालू झाल्यावर, २,००० प्लेटचा फोटो आल्यावर. हे आधीच सांगितलं तर कुणाला राग येत नाही. नंतर अडवलं तर मात्र भांडण होतं.

वायरमनला पाठवायचा मेसेजही तयार देतो, कॉपी करून घ्या :

*"दादा, आज काम संपल्यावर पॅनल उघडं ठेवून जाऊ नका. प्लेट तयार नसेल तर पॉलिकार्बोनेट शीट मी आणून ठेवली आहे, स्क्रूने बसवून पाटीवर तुमचं नाव आणि तारीख लिहा. कायमची प्लेट … तारखेपर्यंत. शेवटचा हप्ता त्याच दिवशी देते."*

तुमच्यापैकी जे स्वतः इंटिरियर, फॅब्रिकेशन किंवा इलेक्ट्रिकलची कामं घेतात, त्यांनी हेच उलट बाजूने बघा. कोटेशनमध्ये ही ओळ तुम्ही स्वतःहून घातली, आणि काम चालू असताना गिऱ्हाइकाचं पॅनल व्यवस्थित झाकलेलं, तारखेची पाटी लावलेलं दिसलं, तर तो माणूस तुम्हाला पुढच्या कामाला विसरत नाही. मोठ्या कंपन्या व्हेंडरची जागा बघायला येतात, तेव्हा पॅनल बघतातच. तिथे कॅलेंडर टांगलेलं असेल, तर पुढचं बोलणं कसं जातं ते सांगायची गरज नाही.

८. तरीही शॉक लागलाच तर

माणसाला हात लावू नका. आधी सप्लाय बंद करा. लगेच जमत नसेल आणि लाइन घरगुती किंवा वर्कशॉपची असेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने त्याला वेगळं करा. १०८ किंवा ११२ ला फोन करा. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२०, साधारण ५ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्याच. बाहेरून छोटं दिसणारं भाजणं आतून मोठं असू शकतं, आणि हृदयाचा त्रास उशिराही होऊ शकतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. आज तुमच्या पॅनलसमोर उभे राहा. हात लावू नका, नुसतं बघा. त्यावर काही टांगलंय का? उघडी खाच, उघडं भोक, निसटलेला स्क्रू आहे का? समोर १ मीटर जागा मोकळी आहे का? फोटो काढा.

२. पूर्ण सप्लाय मागून कुठून बंद होतो ते शोधा आणि सगळ्या कामगारांना दाखवा.

३. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. मशीन बंद असताना, महिन्यातून एकदा. पडला नाही तर वायरमनला त्याच दिवशी बोलवा. आरसीसीबीच नसेल तर तेच पहिलं काम.

४. वायरमनच्या परमिटचा फोटो मागून फाइलला लावा. चांगला वायरमन हसत देतो.

मावशी महिनाभराने कामावर परत आल्या. पॅकिंगच्या टेबलावर बसतात, डीबीच्या भिंतीकडे अजून जात नाहीत. डीबीला आता कंपनीची प्लेट आहे, वर पाटी आहे. ताईंनी सगळा दवाखान्याचा खर्च केला, विद्युत निरीक्षकांकडे अहवालही दिला. सोपं नव्हतं, पण दिला.

मशीन खरेदीचा तो जुना व्हिडिओ मी चॅनलवरून काढलेला नाही. मी मशीनबद्दल मोठ्या उत्साहाने बोलतोय आणि माझ्या खांद्यामागे कॅलेंडर आहे, मीच सरळ केलेलं. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी तो दाखवतो आणि विचारतो, "यात चूक काय आहे?" सगळे माझ्या बोलण्यातली चूक शोधतात. भिंतीकडे अजून एकानेही बोट दाखवलेलं नाही.

तुम्ही तुमच्या भिंतीकडे बघा. भेटूया पुढच्या धड्यात. विषय आहे अर्थिंग : पट्टी, खड्डा आणि दरवर्षीची तपासणी. तोपर्यंत धंदा वाढवा, माणसं सांभाळा.